एकेचाळीस नंबरशी मराठीत

डुकराचं रक्त दर पंधरा मिनिटांनी काढावं लागतं. सकाळी आठ ते दुपारी चार, म्हणजे एका जनावराचे तेहतीस नमुने. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विद्यापीठाच्या संशोधन-फार्मवर मी हे काम २००३च्या शरद ऋतूपासून २००८च्या वसंतापर्यंत केलं. त्याआधी कोल्हापूरच्या एका दैनिकात नऊ वर्षं वृत्तसंपादन विभागात होते. दोन्ही कामांत एक साम्य आहे. वेळ चुकली की माल फुकट.

कामाचं स्वरूप आधी सांगते, कारण ज्यांना ज्यांना ते सांगितलं त्यांचा पहिला प्रश्न एकच होता: डुकरांना इंजेक्शनं देऊन मोठी करता का? नाही. आम्ही काही देत नव्हतो, फक्त मोजत होतो. वाढीचं संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहान ग्रंथीतून रक्तात येतं. ते नळाच्या धारेसारखं सलग येत नाही, उसळ्या घेत येतं. एकच नमुना घेतला तर उसळीचा माथा हाती लागेल किंवा तळ, आणि दोन्ही दिशाभूल करतील. म्हणून दिवसभर, घड्याळ लावून नमुने.

फार्मवर दोन जाती होत्या. यॉर्कशायर पांढरी, लांब, ताठ कानांची, भराभर वाढणारी, अंगावर चरबी कमी. मेशान मूळची चीनमधली, काळी, तोंडावर सुरकुत्या, कान इतके मोठे की डोळ्यांवर येतात, वाढ संथ, चरबी भरपूर, पिल्लं मात्र ढिगानं. प्रश्न असा होता, की संथ वाढणाऱ्या जातीत संप्रेरक कमी सुटतं, की सुटतं तेवढंच पण शरीर त्याला कमी दाद देतं? आमचे प्राध्यापक रॉन हे सोपं करून सांगत. बोलणाऱ्याचा आवाज बारीक आहे, की ऐकणाऱ्याचे कान जड आहेत?

फार्मवर जायला आम्ही राहत होतो त्या कॅरी गावाहून तासभर लागे. आत शिरताना आंघोळ करावी लागे आणि बाहेर पडतानाही, म्हणजे बाहेरचा रोग आत आणि आतला बाहेर जाऊ नये. अंगावरचं सगळं लॉकरमध्ये, मंगळसूत्रसुद्धा. आत फार्मचे कपडे, फार्मचे रबरी बूट. कॅरीतल्या मराठी मंडळात माझ्या नोकरीची बातमी पसरल्यावर गणपतीत मोदक वळायला मला बोलावणं हळूहळू बंद झालं. एका मावशींनी विचारलंच, "घरी आल्यावर अंघोळ करतेस ना गं?" म्हटलं, "मावशी, मी दिवसातून तीनदा करते. तुम्ही?" पुढच्या वर्षी मला सतरंज्या घालण्याच्या कमिटीत घेतलं.

नमुने घ्यायला आम्ही दोघं होतो. दुसरा अर्ल. साठीचा, तंबाखूच्या शेतावर वाढलेला, डुकरांत आयुष्य काढलेला. पहिल्या दिवशी माझ्याकडे पाहून तो म्हणाला, "तू सुरकुतीवाल्या घे. त्या सुस्त असतात, नवशिक्याला बऱ्या." तेव्हापासून मेशान माझ्या आणि यॉर्कशायर त्याच्या. ही वाटणी कोणी कागदावर केली नव्हती. सोय म्हणून झाली आणि सवय म्हणून राहिली.

मानेच्या शिरेत बारीक नळी आधीच बसवलेली असते. तिचं टोक पाठीवरून वर, कठड्याबाहेरच्या हुकापर्यंत आणलेलं. जनावराला हात न लावता, बाहेर उभं राहून सिरिंजनं रक्त ओढायचं, नळीत सलाईन भरायचं, की रक्त गोठत नाही. नमुना बर्फात. नीट जमलं तर दहा सेकंदांचं काम. मग पुढची जनावरं, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पहिली.

ही मधली मिनिटं मी बोलत असे. ठरवून नाही. श्रीकांत, माझे यजमान, सकाळी सातला ऑफिसला निघत आणि रात्री आठला येत. मुलगी नऊ वर्षांची होती. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "जेवलीस का?" "आय ॲम गुड." फोनवर कोल्हापूरला आठवड्यातून एकदा, कार्डावरची मिनिटं संपेपर्यंत. म्हणजे सलग मराठी बोलण्याची जागा उरली ती काळ्या डुकरांची. आज भेंडी मिळाली नाही. नणंदेनं फ्लॅट घेतला, पाण्याची बोंब आहे. काय गं, झोप झाली का? संपादकीय खात्यातल्या जुन्या भांडणांची हकिकत एकेचाळीस नंबरनं पूर्ण ऐकली आहे.

एकेचाळीस हा तिच्या कानातल्या बिल्ल्यावरचा आकडा. माझा आवाज दाराशी आला की ती उठून कठड्याशी येई, नाकपुड्या दोन गजांच्या मधे ठेवी आणि घशातून हलकं घुर्र करी. वाक्य संपलं की घुर्र. बातमीदारांपैकी फार थोड्यांना कळतं, समोरच्याचं वाक्य कधी संपलं ते.

हे नमुने ज्या प्रबंधासाठी होते तो अश्विनीचा. ती २००१च्या ऑगस्टमध्ये कऱ्हाडहून पीएच.डी.साठी आली होती. वडील पशुधन पर्यवेक्षक, धाकटी बहीण पूर्वा. ती अमेरिकेत उतरल्यानंतर महिन्याभरात जुळे मनोरे पडले आणि इथलं सगळं बदललं. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे व्हिसा तपासणीत महिनोन्‌महिने अडकू लागले. सुट्टीला भारतात गेलेला एक मुलगा परत येईपर्यंत त्याची जागा दुसऱ्याला दिली गेली, अशी गोष्ट डिपार्टमेंटमध्ये सांगितली जाई. खरी होती की नाही, मी तपासली नाही. अश्विनीनं ती खरी मानली आणि चार वर्षं घरी गेली नाही. तिचा हिशोब सरळ होता: डिफेन्स, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, झाल्यावर जायचं, मग व्हिसा अडकला तरी अडू दे.

ती मला काकू म्हणे आणि माझी चेष्टा करी. "काकू, सब्जेक्टशी एवढं बोलत नसतात. आणि कमाल आहे, तुमच्या डुकरिणीला मराठी समजतं, तुमच्या मुलीला नाही!"

"मुलीला समजतं," मी म्हणाले. "उत्तर देत नाही."

"एकेचाळीस देते ना पण."

२००५च्या दिवाळीनंतर पूर्वाचं लग्न ठरलं. मुहूर्त जानेवारीतला, गोरज. अश्विनीचं लिखाण संपत आलं होतं, डिफेन्स डिसेंबरात. तिचे आलेख मी पाहिले होते. यॉर्कशायरांचे उंच, टोकदार, काळ्यांचे बुटके. जातींमधला फरक डोळ्यांना दिसत होता. ती खूश होती. "काकू, क्लीन डेटा आहे यार, एकदम क्लीन. सगळं टाइमवर झालं तर मी करवली!"

नोव्हेंबरात एका सोमवारी सकाळी अकराला मुलीच्या शाळेतून फोन आला, ताप आहे, घेऊन जा. मी निघाले. माझ्या दोन मेशान उरलेला दिवस अर्लनं सांभाळल्या. आठवड्यानं त्या दिवसाचे आकडे आले. अकरापर्यंत रेषा नेहमीसारखी बुटकी. सव्वाअकरापासून दोन्ही काळ्यांच्या उसळ्या पांढऱ्यांच्या तोडीच्या.

"असेमध्ये, लॅबच्या मोजणीत काहीतरी गडबड झाली असणार," अश्विनी म्हणाली. "ड्रॉप करते हा दिवस."

ती हे म्हणाली तो मंगळवार होता. घरी गेल्यावर मी माझी वही काढली.

फार्मच्या छापील फॉर्मवर वेळ, बिल्ल्याचा नंबर, जात आणि शेरा असे रकाने होते. नमुना कोणी घेतला, याला रकाना नव्हता. वृत्तपत्रात पहिल्या आठवड्यात शिकवतात ते कोण, काय, कुठे, कधी, का. यातला पहिलाच प्रश्न त्या फॉर्मवर नव्हता आणि दोन वर्षं माझ्या ते लक्षात आलं नाही. माझ्या खाजगी वहीत मात्र तो होता, सवयीनं. अर्ल दाताच्या डॉक्टरकडे गेला होता त्या दोन दुपारी यॉर्कशायरांचे नमुने मी घेतले होते. ते दिवस आलेखात शोधले. पांढऱ्यांच्या रेषा त्या दोन दुपारी खाली आल्या होत्या.

अर्ल वाईट वागत नसे. तो त्याच्या पद्धतीनं वागे. आत येताना टाळ्या वाजवी, फळी कठड्यावर आपटून जनावर उठवी, मोठ्यानं हाक मारी. डुकरं दचकत. दचकलेल्या डुकराच्या रक्तात बरंच काही वर येतं, वाढीचं संप्रेरकही. आम्ही जातींतला फरक म्हणून जे मोजत होतो, त्यात अर्ल आणि मी यांच्यातला फरक मिसळला होता. किती, ते सांगता येत नव्हतं. आणि सांगता येत नाही, एवढं पुरेसं होतं.

हे मला मंगळवारी कळलं. मी शुक्रवारी सांगितलं. मधल्या तीन दिवसांचं कारण विचारलं तर माझ्याकडे नाही. बुधवारी अश्विनीनं तिकीट काढलं. गुरुवारी तिनं आईला फोन करून साडीचा रंग ठरवला. हे दोन्ही तिनं मला सांगितलं आणि मी "छान" म्हणाले. पेपरात चूक सापडल्यावर दुसऱ्या दिवशीच्या अंकात खुलासा जातो. तिसऱ्या दिवशी गेला तर त्याला खुलासा म्हणत नाहीत.

शुक्रवारी मी वही तिच्यासमोर ठेवली. तिनं तारखा स्वतः ताडून पाहिल्या, दोनदा.

"तुम्ही गप्प बसला असतात तर कोणाला कळलं नसतं."

ते खरं होतं. रॉनला कळलं नसतं, परीक्षकांना कळलं नसतं.

"कधी लक्षात आलं तुमच्या?"

"मंगळवारी."

"मंगळवारी," ती म्हणाली, आणि वही मिटून मला परत दिली.

त्याच दुपारी ती स्वतः रॉनकडे गेली. मी तिच्याबरोबर येऊ का विचारलं, तर नको म्हणाली. रॉननी अर्धा तास आलेख तारखांशी ताडले, असं तिनं नंतर सांगितलं. मग म्हणाले, पुन्हा करावं लागेल. दोन्ही जाती, दोघांनी आळीपाळीनं, टाळ्या नाहीत, फळी नाही, आणि बोलणं अजिबात नाही, कोणाचंच. डिफेन्स मेमध्ये.

अर्लला मी समजावलं तेव्हा तो दुखावला. "म्हणजे मी आवडत नाही, असं डुकरांनी लेखी दिलंय?" थोड्या वेळानं म्हणाला, "तू त्यांना म्हणतेस काय पण?" मी सांगितलं, नमुना घेऊन झाला की 'झालं, झालं' म्हणते. त्याचा अर्थ विचारून घेतला आणि तो आठवडाभर यॉर्कशायरांना "जालाऽ, जालाऽ" म्हणत हिंडला. त्यांनी काही दाद दिली नाही.

पुढचे तीन आठवडे अश्विनी मला फक्त "गुड मॉर्निंग" म्हणाली. काकू नाही.

नव्या प्रयोगाची तारीख आम्ही ठरवली नाही, डुकरांच्या वजनानं ठरवली. ठरावीक वजनाला नमुने घ्यायचे, आणि बसवलेली नळी थोडेच दिवस चालते. वजनं भरली ती नेमकी जानेवारीच्या त्या आठवड्यात. कऱ्हाडला संध्याकाळी सहा पस्तीसचा मुहूर्त. आमच्याकडे सकाळचे आठ पाच. पहिला नमुना आठला, दुसरा सव्वाआठला.

नव्या प्रयोगात नोंदी अश्विनीनं ठेवायच्या होत्या, जनावरांना तिची सवय झाली होती. तिच्याऐवजी दुसऱ्या कोणाला घेऊ, असं रॉन म्हणाले होते. अश्विनीनं नाही सांगितलं. नवी व्यक्ती म्हणजे जनावरांना नवं माणूस, पुन्हा तोच दोष. बाहेर जाऊन फोन करायचा तर आंघोळ करून बाहेर आणि आंघोळ करून आत, मधले तीन नमुने जाणार. शेवटी तिनं फोन प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, पुसून, आत आणला. तेवढी परवानगी होती. घरी तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, मी ऐकणार, बोलणार नाही. एक बटण एकदा दाबलं तर ऐकू येतंय, दोनदा दाबलं तर नाही.

त्या दिवशी सकाळी साडेसातला आम्ही आत गेलो. दाराशी नेहमीप्रमाणे तोंडात शब्द आला, तो मी परत घेतला. एकेचाळीस उठून कठड्याशी आली. नाक गजांत ठेवून थांबली. मी सिरिंज मांडल्या. तिनं एकदा घुर्र केलं. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, सुरुवात करून दिल्यासारखं.

आठला पहिला नमुना झाला. अश्विनीनं फोन लावला. पलीकडे मंडपाचा गलबला होता. तो पिशवीतून, दोन फुटांवर उभ्या असलेल्या मलाही पुसट ऐकू येत होता. नंतर एका बाईचा आवाज, तिची आई. "हॅलो? आशू? ऐकू येतंय का गं?" अश्विनीनं बटण दाबलं, एकदा. "बोल ना एक शब्द. एकच. कोण ऐकतंय तिकडं?" अश्विनीनं डोळे मिटले आणि पुन्हा बटण दाबलं, एकदा.

अंतरपाट धरला असावा. मंगलाष्टकं सुरू झाली. कोणीतरी फोन लाउडस्पीकरकडे धरला होता, म्हणून स्वर फाटके येत होते, पण शेवटचा शब्द ओळखू येई. प्रत्येक 'सावधान'ला अश्विनीची डावी मूठ छातीपाशी वर जाई आणि उघडे. मुठीत काही नव्हतं. तांदूळ आत आणता येत नाहीत. फार्मचं खाद्य टाकता येत नव्हतं, जनावरं उपाशी ठेवलेली होती.

भटजींनी मुहूर्त गाठला नाही. आठ पाच झाले, आठ दहा झाले, कोणाच्या तरी आत्यानं रचलेली मंगलाष्टकं चालूच होती. आठ चौदाला मी सिरिंज उचलली. माझ्या रांगेत आता आम्ही दोघी होतो. मी रक्त ओढायचं, तिनं नमुन्याची नळी धरायची आणि वेळ लिहायची. मी तिला हातानं 'राहू दे' अशी खूण केली. तिनं मान हलवली, फोन खांद्यात आणि कानात दाबून धरला, उजव्या हातानं नळी पुढे केली. रक्त नळीत उतरत असताना शेवटचं 'सावधान' झालं आणि वाजंत्री सुरू झाली. तिची डावी मूठ पुन्हा उघडली. मग तिनं पेन घेऊन लिहिलं, ८:१५.

पलीकडच्या रांगेत अर्ल यॉर्कशायरांशी उभा होता. तो पाय न वाजवता आला आणि त्याच्या नोंदीच्या पॅडवरचा कागद माझ्यापुढे धरला. त्यावर लिहिलं होतं, 'कोणी गेलं का?' मी खाली लिहिलं, 'बहिणीचं लग्न.' त्यानं ते वाचलं. मग त्याखाली लिहिलं, 'आमच्याकडेही चेहरा असाच होतो,' आणि परत गेला. बारा वाजता अर्लनं आणि मी जागा बदलल्या.

दिवसभर एकही चुकलेला नमुना नाही. दहाच्या सुमारास एकेचाळीस कठड्यापासून मागे गेली आणि तोंड भिंतीकडे करून आडवी झाली. ही नोंद मी शेऱ्याच्या रकान्यात केली आहे.

निष्कर्ष असा, की जातींतला फरक उरला, पण पहिल्यापेक्षा बराच बुटका. अश्विनीच्या प्रबंधात तो तसाच छापला आहे, आणि पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य आहे: नमुने घेणाऱ्यांची अदलाबदल करण्यात आली व संपूर्ण काळ शांतता पाळण्यात आली. जूनमध्ये ती कऱ्हाडला गेली. पूर्वा तोवर नवऱ्याबरोबर बंगळूरला राहायला गेली होती. २००८ मध्ये प्रकल्प संपला आणि काळा कळप मोडला. काही जनावरं दुसऱ्या राज्यात गेली, काही नाही. एकेचाळीसचं काय झालं हे मला विचारून कळलं असतं. मी विचारलं नाही. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. भेंडी हवी तेव्हा मिळते. ती मिळाली, हे सांगायला अजूनही मी आधी कठड्याच्या उंचीवर पाहते.

त्या दिवशी चार वाजता तेहतिसावा नमुना बर्फात गेला. अश्विनीनं वेळ लिहिली, पेनाचं टोपण लावलं. आठ तासांनी पहिल्यांदा आतल्या माणसाचा आवाज झाला, तो तिचा होता.

"काकू, संपलं. आता बोला."

सकाळी दाराशी परत घेतलेला शब्द कोणता होता, ते मला आठवेना.

तेव्हा ती स्वतःच काळ्यांच्या रांगेत, एकेचाळीसच्या कठड्याशी उकिडवी बसली. चार वर्षं जिनं जनावराशी एक शब्द काढला नव्हता, ती गजांतून हात घालून म्हणाली, "एकेचाळीस. ए बाई, इकडं बघ ना. आमच्या पूर्वाचं लग्न झालं."

एकेचाळीस उठली. भिंतीपासून वळून आली, नाक गजांत ठेवलं आणि वाक्य संपल्यावर घुर्र केलं. अश्विनी तिला सांगत राहिली, साडीचा रंग, नवऱ्या मुलाचं नाव, आत्यानं केलेली मंगलाष्टकं, आई काय म्हणाली ते. रडत होती, पण वाक्यं पुरी करत होती.

वहीत नोंद आहे: ४:०५, अश्विनी बोलली. त्या वेळचा नमुना घेतलेला नाही.